माहीत असलेल्या उत्तराची परीक्षा

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत परीक्षकांपाशी एक यादी असते. कोणत्या नंबरच्या विद्यार्थ्याला कोणते सॉल्ट दिले आहे, कोणत्या बाटलीतल्या द्रावणाची तीव्रता किती आहे, हे त्या यादीत लिहिलेले असते. विद्यार्थ्याचे उत्तर यादीच्या जितके जवळ, तितके गुण अधिक. उरलेले गुण जर्नलला, व्हायवाला आणि आकडेमोडीच्या मांडणीला. बारावीच्या 30 गुणांच्या प्रॅक्टिकलपासून एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रापर्यंत सांगाडा साधारण हाच राहतो. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत मात्र उद्दिष्टे म्हणून वैज्ञानिक दृष्टिकोन, निरीक्षणशक्ती, तर्कशुद्ध विचार असे भारदस्त शब्द छापलेले असतात. ते शब्द कुणी खोटेपणाने लिहिलेले नाहीत. ती उद्दिष्टे साधली की नाही हे तपासणारा प्रश्न मात्र परीक्षेत सहसा सापडत नाही. माझे म्हणणे याहून थोडे कडक आहे. आजची प्रॅक्टिकल परीक्षा वैज्ञानिक पद्धत मोजत तर नाहीच, शिवाय ती पद्धत पाळणाऱ्या विद्यार्थ्याला गुणांत मागे टाकते आणि मोडणाऱ्याला पुढे नेते.

टायट्रेशनचे उदाहरण घेऊ. पिपेटने 10 मिलिलिटर मोहर सॉल्टचे द्रावण फ्लास्कमध्ये घ्यायचे, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचे, ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचे आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे. हे तीनदा करायचे आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात सीबीआर, म्हणजे स्थिर ब्युरेट रीडिंग, लिहायचे. ब्युरेटवरची सर्वांत लहान रेघ 0.1 मिलिलिटरची असते आणि एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा. त्यामुळे सराव असलेल्या हाताला तीन सारखी रीडिंग मिळू शकतात. एखाद्याच्या जर्नलात ती दिसली म्हणून संशय घेण्याचे कारण नाही. पण साठ जणांच्या वर्गात, वर्षभराच्या प्रत्येक टायट्रेशनला, प्रत्येकाची तिन्ही रीडिंग हुबेहूब सारखी असतील, तर कुठेतरी पाणी मुरते आहे हे कळायला संख्याशास्त्र शिकावे लागत नाही. तिसरे रीडिंग पुष्कळदा घेतलेलेच नसते. अपेक्षित उत्तर ठाऊक असले की त्यावरून उलटे गणित मांडून ब्युरेटचा आकडा काढायचा, याला विद्यार्थी बिनदिक्कत ‘बॅक कॅल्क्युलेशन’ म्हणतात. शिक्षकांना हे माहीत असते. विद्यार्थ्यांना हेही माहीत असते की शिक्षकांना ते माहीत आहे. जर्नल सर्टिफाय होते आणि पुढचा प्रयोग सुरू होतो.

यात विद्यार्थ्यांना नैतिकतेचे धडे देण्याची घाई करू नये. ते व्यवहारी हिशेब करतात आणि तो हिशेब बरोबर असतो. समजा, एका मुलीला 10.2, 10.5 आणि 10.1 अशी रीडिंग आली. तिने ती तशीच लिहिली, मधले वेगळे का आले याचा विचार केला, ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला होता का ते पाहिले आणि चौथ्यांदा टायट्रेशन केले. तिचा वेळ गेला, तक्ता खाडाखोडीचा झाला, उत्तर यादीपासून किंचित दूर राहिले. शेजारच्या टेबलावरच्याने एकदाच रीडिंग घेतले, ते तीनदा लिहिले आणि शेवटच्या आकड्याला थोडा हात लावला. गुण त्याला जास्त. या दोघांपैकी वैज्ञानिक पद्धत कुणाला आली, हे त्या परीक्षेच्या निकालावरून कळायला मार्गच नाही. जे कळते ते उलटे कळते.

सॉल्ट ॲनालिसिसची गोष्ट जास्त खेदाची आहे, कारण ती मुळात विचाराची उत्तम कसरत होती. कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1841 मध्ये गुणात्मक विश्लेषणावरचे आपले पुस्तक छापले आणि त्यातली गटागटाने मूलद्रव्ये वेगळी करण्याची पद्धत जगभर पसरली. तिची गंमत अशी की प्रत्येक पायरीवर शक्यतांचा एक मोठा भाग बाद होतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने साका पडला नाही, तर शिसे, चांदी आणि पाऱ्याचा एक प्रकार यांची दारे जवळपास बंद होतात. पुढे हायड्रोजन सल्फाइड, मग अमोनिया. आपण काय मानून चाललो आहोत, ते कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरेल आणि ते खोटे ठरले तर पुढे कुठे वळायचे, हे शिकवायला याहून स्वस्त साधन नाही. आपण त्याचे काय केले? निळे खडे दिसले की कॉपर, हिरवे दिसले की निकेल, गुलाबी दिसले की कोबाल्ट, असा रंगावरून निकाल आधी लागतो. मग पाठ केलेला तक्ता उतरवून काढला जातो. निरीक्षण आणि अनुमान असे दोन रकाने त्यात असतात आणि कित्येकदा अनुमानाचा रकाना आधी भरतो. नायट्रेट आहे हे ठरल्यावर ब्राऊन रिंग दिसली असे लिहिले जाते, मग परीक्षानळीत ती दिसो वा न दिसो.

यादीशी न जुळणाऱ्या आकड्याचे मोल काय असू शकते, याचा रसायनशास्त्राच्या इतिहासातला सर्वांत चोख दाखला लॉर्ड रॅले यांचा आहे. ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतला ऑक्सिजन काढून टाकून उरलेला नायट्रोजन त्यांनी काचेच्या एका गोळ्यात भरून तोलला, तर वजन 2.3102 ग्रॅम. रासायनिक संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात भरला, तर 2.2990 ग्रॅम. फरक अवघा अकरा मिलिग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्याकडच्या कोणत्याही प्रॅक्टिकलमध्ये अर्ध्या टक्क्याच्या चुकीला पैकीच्या पैकी गुण मिळतील, आणि इथेच खरी गोम आहे. रॅले यांनी सरासरी काढून विषय संपवला नाही. 1892 मध्ये त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहून हा फरक का पडतो हे रसायनशास्त्रज्ञांना जाहीरपणे विचारले. वायू अशुद्ध आहे का, हायड्रोजन मिसळला आहे का, एकेक शंका घेऊन तपासली. विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन:पुन्हा नेऊन शोषून घेतला आणि शेवटी जो वायू कशाशीच संयोग करेना तो उरला. 1894 मध्ये आर्गॉन जाहीर झाला. 1904 मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी शंभरहून अधिक वर्षे, 1785 मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हाच वायू बुडबुड्याच्या रूपात पाहिला होता. हवेतल्या नायट्रोजनचा फार तर एकशेविसावा भाग कशानेही नाहीसा होत नाही, असे त्यांनी नोंदवून ठेवले. तो बुडबुडा त्यांनी पुसून टाकला नाही, म्हणून पुढच्यांना त्याची आठवण झाली. बॅक कॅल्क्युलेशनच्या जर्नलात असा बुडबुडा शिल्लकच राहत नाही.

यावर कुणी म्हणेल की विषयाचे ज्ञान पक्के झाले की विचारपद्धत आपोआप येते. तसे झाले असते तर बरेच होते. 2009 मध्ये ‘सायन्स’मध्ये लेई बाओ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. चीन आणि अमेरिकेतल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी तीन चाचण्या दिल्या होत्या. यांत्रिकीच्या संकल्पनांच्या चाचणीत चिनी विद्यार्थ्यांची सरासरी 86 टक्क्यांच्या घरात, अमेरिकी विद्यार्थ्यांची 49 च्या. वीज-चुंबकत्वाच्या चाचणीतही असाच मोठा फरक. तिसरी चाचणी ॲन्टन लॉसन यांची होती. तिच्यात चल घटक वेगळे कसे काढायचे, प्रमाण कसे ताडायचे, एखादे गृहीत कोणत्या पुराव्याने पडेल, असे प्रश्न असतात. तिच्यात दोन्ही देशांची सरासरी 74-75 टक्के, जवळजवळ एकच. चिनी विद्यार्थी शाळेत वर्षानुवर्षे कसून भौतिकशास्त्र शिकले होते आणि ते त्यांना आलेही होते. तर्काच्या चाचणीत मात्र त्या मेहनतीची खूण दिसली नाही. या अभ्यासाला मर्यादा आहेत. लॉसन चाचणी बहुपर्यायी आहे, ती रसायनशास्त्राची नाही, आणि हुशार विद्यार्थ्यांचे गुण तिच्यात वरच्या टोकाला जाऊन साचतात. तरीही ज्ञान वाढले की पद्धत मागोमाग येते, या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला. रसायनशास्त्रापुरते पाहायचे तर सुझन नरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी 1987 मध्येच दाखवून दिले होते की वायुनियमांची गणिते सोडवणारे विद्यार्थी त्याच नियमांवरच्या, कणांच्या चित्रांतून विचारलेल्या प्रश्नांना अडखळतात. आणि प्रयोग हाताने केला की विचार डोक्यात शिरतो, या दुसऱ्या समजुतीबद्दल इयन अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांनी 2008 मध्ये इंग्लंडमधल्या शाळांतले 25 तास पाहून लिहिले: मुले सांगितलेली कृती बहुतांशी व्यवस्थित करतात, त्या कृतीमागच्या कल्पनांशी त्यांची गाठ फारशी पडत नाही.

हे सगळे आता अचानक महत्त्वाचे झाले आहे, कारण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मुळे पदवीला चौथे वर्ष जोडले जात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. म्हणजे संशोधनाचे दार कुणाला उघडायचे हे तीन वर्षांचे गुण ठरवणार, आणि त्या गुणांत संशोधनाला लागणारी गोष्ट मोजलेलीच नाही. तीन वर्षे एकसारखी सीबीआर लिहून ऐंशी टक्क्यांवर गेलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी अशा प्रयोगापाशी उभा राहील, ज्याचे उत्तर कुठल्याच यादीत नाही. तिथे तो काय करील? जे शिकला तेच करील. त्याच्या बाजूला सत्तर टक्क्यांची, पण मधले रीडिंग वेगळे का आले हे विचारणारी मुलगी असणार नाही. ती आधीच गाळली गेली असेल.

बहुतेक मुले संशोधक होणार नाहीत, त्यांना औषध आणि रसायन कंपन्यांत नोकऱ्या हव्या आहेत, तिथे ठरवून दिलेली कृती बिनचूक करणारी माणसे लागतात, विचार करणारी नव्हे, असा आक्षेप हमखास येतो. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींकडे पाहता तो वजनदारही वाटतो. पण क्यूसी, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण, प्रयोगशाळेचे काम नेमके कशावर अडते ते पाहावे. एखाद्या बॅचचा निष्कर्ष ठरलेल्या मर्यादेबाहेर आला की तिथे त्याला ओओएस म्हणतात. पुढे काय करायचे, यावर 1993 मध्ये अमेरिकेत बार लॅबोरेटरीजविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाला सविस्तर निकाल द्यावा लागला. पास होईपर्यंत पुन:पुन्हा टेस्ट करत राहणे किंवा नापास आकडा चांगल्या आकड्यांत मिसळून सरासरी काढणे न्यायालयाने अमान्य केले. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने 2006 मध्ये यावर मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार चुकीचे कारण पुराव्याने सापडल्याखेरीज ओओएस निष्कर्ष रद्द करता येत नाही. बॅच फेकून दिली तरी चौकशी करावी लागते. आधी प्रयोगशाळेतली चूक शोधा, द्रावण तपासा, उपकरण तपासा, मग उत्पादनाकडे वळा, असा तो क्रम आहे. वैज्ञानिक पद्धत याहून वेगळी काय असते? आमच्या जर्नलाने ज्या क्षणी आकडा दुरुस्त करायला शिकवले, त्याच क्षणी उद्योगाला आकडा जपणारा माणूस हवा असतो. रॅनबॅक्सी या औषध कंपनीच्या अमेरिकी शाखेने मे 2013 मध्ये भारतातल्या दोन कारखान्यांतल्या औषधांच्या दर्जाबाबत आणि खोट्या निवेदनांबाबत गुन्हा कबूल केला आणि एकूण 50 कोटी डॉलर भरायचे मान्य केले. या प्रकरणाचे खापर कॉलेजच्या जर्नलावर फोडणे अतिशयोक्तीचे होईल. कंपन्यांतले निर्णय कंपन्यांतली माणसे घेतात. पण जुळत नसलेला आकडा हा लपवायचा नसून तपासायचा असतो, ही सवय नोकरीच्या पहिल्या दिवशी लावता येत नाही.

मग परीक्षा घ्यायची कशी? ‘वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न घालून तर नक्कीच नाही. त्याचे उत्तर दोन दिवसांत गाइडमध्ये येईल. कॉलेजमध्ये सहज करता येईल असा एक प्रयोग घेऊ. बोअरवेलच्या पाण्याचा हार्डनेस ईडीटीएने काढणे पदवीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते: अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा झाला की थांबायचे. आता प्रश्न असा विचारायचा: हे पाणी उकळल्याने त्याचा हार्डनेस किती कमी होतो ते ठरवा, प्रयोग तुम्हीच आखा. पुस्तक सांगते की उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला तात्पुरता हार्डनेस जातो. समजा, मूळ पाण्यात लिटरला 300 मिलिग्रॅम हार्डनेस आहे. त्यातला 60 उकळून जाणारा, 240 सल्फेट-क्लोराइडचा, कायमचा. विद्यार्थ्याने 100 मिलिलिटर पाणी उकळले, गार केले, गाळले आणि टायट्रेशन केले. पण उकळताना वाफ गेली आणि पाणी 80 मिलिलिटर उरले. आता उरलेल्या पाण्यात लिटरला 240 च्या सव्वापट, म्हणजे पुन्हा 300! हार्डनेस तसूभरही कमी झालेला दिसत नाही. इथे विद्यार्थ्यांचे रस्ते फुटतात. एक जण पुस्तकाला जुळावे म्हणून आकडा खाली ओढतो. दुसरा ‘उकळल्याने फरक पडत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहितो. तिसरी बीकरमधल्या पाण्याची पातळी पाहते, ऊर्ध्वपातित पाणी घालून आकारमान पुन्हा 100 करते आणि टायट्रेशन पुन्हा करते. चौथ्याला कारण सापडत नाही, पण तो लिहितो की निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध आहे, दोन कारणे संभवतात, आणि पहिले खरे असेल तर अमुक प्रयोगात अमुक दिसेल. आजच्या परीक्षेत पहिल्याला सर्वांत जास्त गुण मिळतील. माझ्या मते तो सर्वांत खाली असावा, तिसरी सर्वांत वर, आणि चौथा तिच्या लगेच मागे, दुसऱ्याच्या बराच पुढे.

हे गुण परीक्षकाच्या मर्जीवर राहतील, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज येतील, ही भीती रास्त आहे. आकडा जुळतो की नाही हे कुणीही तपासू शकतो. विचार जुळतो का, यावर दोन परीक्षकांची दोन मते होऊ शकतात. पण यावरचे उपाय नवे नाहीत. केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय ए-लेव्हल रसायनशास्त्रात प्रयोगाची आखणी, विश्लेषण आणि मूल्यमापन यांसाठी 30 गुणांची स्वतंत्र लेखी प्रश्नपत्रिका असते. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता ती सोडवायची, आणि कोणत्या मुद्द्याला किती गुण हे परीक्षकांना आधीच ठरवून दिलेले असते. इंग्लंडने 2015 पासून ए-लेव्हलची रचना बदलली, तेव्हा हाताचे कौशल्य आणि प्रयोगाचा विचार वेगळे केले. किमान बारा प्रयोग केल्याची पास-नापास नोंद स्वतंत्र, आणि लेखी परीक्षेतले किमान 15 टक्के गुण प्रयोगांवरच्या प्रश्नांना. साहेबाच्या देशाचे दाखले नको असतील तर आपल्या शेजारचा आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर पसरला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुले पुस्तक आणि स्वतःची वही समोर ठेवून परीक्षा देत आणि प्रयोगही करून दाखवत. पाठांतराचा उपयोग नव्हता, कारण पुस्तक उघडेच होते. 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षे सरकारी शाळांत अशी परीक्षा घेता आली, तर पदवी कॉलेजांना ती झेपणार नाही हे पटत नाही. उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावा, फरक कुठे पडतो ते पाहून गुणदान सुधारावे. दोन-तीन सत्रांत हे स्थिरावेल.

सर्वांत खरा आक्षेप वेगळाच आहे. कोणताही प्रश्न दरवर्षी विचारला की त्याचे साचे तयार होतात. ‘चुकांचे उगम’ या शीर्षकाखाली चार ठरलेली वाक्ये पाठ होतील आणि बीकरमधले पाणी आटते हेही गाइडवाले छापतील. होईल तसे. म्हणून नमुना आणि परिस्थिती दर वर्षी बदलायला हवी, आणि जे कारण विद्यार्थी लिहितो ते त्याच्याच आकड्यांतून दिसते का, हे पाहायला हवे. ‘मानवी चूक’ असे लिहिणाऱ्याला शून्य द्यावे, कारण त्या उत्तरातून काहीच तपासता येत नाही. आणि आधी पिपेट धरायला तर येऊ द्या, असे म्हणणारे शिक्षक चूक नाहीत. हात बसल्याशिवाय विचाराला आधार मिळत नाही. शेवटच्या थेंबावर थांबता आले पाहिजेच. ते कौशल्य शिक्षकाने विद्यार्थ्याजवळ उभे राहून, त्याचा हात पाहून तपासावे आणि त्याला वेगळे गुण द्यावेत. अंतिम आकड्यावरून कौशल्य ताडायला गेलो की आकडा बनवणारा आणि आकडा मिळवणारा यांत फरक करता येत नाही. तत्त्वज्ञानातला आक्षेप लवकर संपतो. पॉल फायराबेंड यांनी 1975 मध्येच बजावले की विज्ञानाला एकच एक पद्धत नसते. मान्य. पण ब्लँक घेणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, पुनरावृत्ती किती करायची ते आधी ठरवणे, दुसरे स्पष्टीकरण शोधून त्याची परीक्षा घेणे या सवयी कुठल्याही पद्धतीत लागतात, आणि आपल्याला तेवढ्याच मोजायच्या आहेत.

मोजल्या की त्या शिकवताही येतात, याचा पुरावा आहे. नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग्लस बॉन यांनी 2015 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेतले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथे विद्यार्थ्यांकडून एकच गोष्ट पुन:पुन्हा करून घेतली होती: दोन मापनांची किंवा मापनाची आणि सिद्धांताची तुलना करा, फरक अनिश्चिततेपेक्षा मोठा आहे का ते ठरवा, मग प्रयोग सुधारा आणि पुन्हा मोजा. पुढे सूचना काढून घेतल्या, तरी आपल्या प्रयोगात सुधारणा सुचवण्याचे किंवा करण्याचे प्रमाण या विद्यार्थ्यांत नेहमीच्या गटाच्या बारापट निघाले. आपल्याच आकड्यांवरून सिद्धांताची मर्यादा दाखवून तिचे कारण देण्याचे प्रमाण चौपट होते. पुढच्या वर्षीच्या वेगळ्या प्रयोगशाळेतही परिणाम टिकला. यासाठी नवी उपकरणे आणलेली नव्हती. विद्यार्थ्याला फरक दिसल्यावर तिथेच न थांबता आणखी एकदा मोजायला वेळ मिळाला होता आणि त्या वेळाला गुण होते. आपल्याकडे एका प्रॅक्टिकलच्या तासात दोन प्रयोग उरकायचे असतात. दोनाऐवजी एक प्रयोग दोन वेळा करू द्यावा, सत्राअखेर प्रयोगांची संख्या कमी भरली तरी चालेल. ही सवलत अभ्यासक्रमाच्या चौकटीतच देता येते.

विद्यापीठांच्या रसायनशास्त्र अभ्यास मंडळांना विनंती अशी की चौथ्या वर्षाचा ताण पडण्याआधी, पहिल्याच वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रश्न असा ठेवावा ज्याचे गुण आखणी, पुनरावृत्ती आणि विसंगतीच्या तपासाला असतील, अंतिम आकड्याला नाही. संशोधनाच्या चौथ्या वर्षाला प्रवेश देताना 75 टक्क्यांच्या अटीबरोबर या प्रश्नांचे गुण वेगळे पाहावेत. जर्नल पेन्सिलने नव्हे, पेनने लिहायला लावावे. चुकलेले रीडिंग एका रेघेने खोडावे, पण वाचता आले पाहिजे, आणि त्याबद्दल गुण कापू नयेत. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आज हाच नियम आहे. कॉलेजात तो आणायला नवा निधी लागत नाही, अभ्यास मंडळाच्या एका बैठकीतला ठराव पुरतो.